मिलानजवळ गर्दी नसलेलं साधं गाव बघायचंय, गोर्गोन्झोलाला जाऊ का?

तुम्ही विचारलंय की ऑफिसच्या कामाने मिलानला जाताय, गुरुवारी दुपारी काम संपतंय, विमान शुक्रवारी रात्रीचं आहे, कोमो तळ्यावरची वगैरे गर्दी नको, एखाद्या साध्या इटालियन गावात नुसतं हिंडायचंय, चीजच्या नावामुळे गोर्गोन्झोला डोक्यात आलंय, तर जावं का आणि तिथे बघायला आहे काय.

नक्की जा. मी तिथे दोन वर्षं राहिलेय. मिलानच्या पोलितेक्निकोत मास्टर्स करत होते, कॉलेजच्या आसपासची भाडी बघूनच धडकी भरली, म्हणून मेट्रोच्या हिरव्या लाइनवर एकेक स्टेशन पुढे सरकत घर शोधत शोधत गोर्गोन्झोलाला पोचले आणि एका आजींच्या घरातली मागची खोली मिळाली. त्यामुळे मी काही तटस्थ नाहीये, मला ते गाव फार आवडतं, हे आधीच सांगून टाकते.

पण एक करा. शुक्रवारी सकाळी दहाला नको, गुरुवारी संध्याकाळी जा, साडेपाच-सहाच्या मेट्रोने, घरी परतणाऱ्या गर्दीत उभं राहून. मला मुख्य सांगायचंय ते हेच.

का ते सांगते. मी मूळची बदलापूरची. ज्या गावातली माणसं सकाळी उठून शहरात कामाला जातात आणि संध्याकाळी परततात ते गाव दुपारी बघून काही कळत नाही, हे लोकलच्या लाइनीवर वाढलेल्या कुणालाही माहितीये. दुपारी दोनला बदलापूर स्टेशनबाहेर उभे राहिलात तर रिक्षावाले मागच्या सीटवर आडवे झालेले, अर्धी शटरं खाली. तेच संध्याकाळी साडेसातची गाडी आली की भाजीवाल्यांच्या पाट्या, वड्याचा घाणा, पोरांना क्लासवरून आणणारे बाप, सगळं पाच मिनिटांत उभं राहतं. गोर्गोन्झोला अगदी तसंच आहे, फक्त खूप छोटं, वीसेक हजार वस्तीचं, आणि आवाज नाही. मी खोली बघायला पहिल्यांदा गेले ती मंगळवारी दुपारी दीडला. दुकानं बंद, खिडक्यांचे लाकडी दरवाजे लावलेले, रस्त्यावर एक म्हातारे आजोबा आणि त्यांचं कुत्रं. मला वाटलं इथे राहायचं म्हणजे एकटेपणाने जीव जाईल. खोली स्वस्त होती म्हणून घेतली. मग कॉलेज सुरू झालं, पहिल्याच संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला सगळ्यांबरोबर उतरले आणि बघतच राहिले, हे तेच गाव का म्हणून.

आता जायचं कसं. हिरवी लाइन म्हणजे एम दोन. ही चेन्त्राले स्टेशनलाही लागते, गारिबाल्दीलाही, कादोर्नालाही, म्हणजे तुमचं हॉटेल कुठेही असलं तरी फार वळसा नाही. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे कशीना गोब्बा स्टेशननंतर लाइनीला दोन फाटे फुटतात, एक कोलोन्योला जातो आणि एक जेसातेला. तुम्हाला जेसातेची गाडी हवी. मी सुरुवातीला फोनमध्ये डोकं घालून दोनदा कोलोन्योला जाऊन पोचलेय, आपल्याकडे कर्जतच्या ऐवजी कसाऱ्याच्या गाडीत बसावं तसं. गोब्बापासून पुढे गाडी उघड्यावरूनच जाते, मका, शेतातली जुनी गोठेवाली घरं, मध्येच गोडाऊनं, मध्येच नव्या बिल्डिंगी, ते बघत बसा. चेन्त्रालेपासून अर्ध्या तासाच्या वर थोडा वेळ लागतो. १९७२ साली ही मेट्रो गोर्गोन्झोलापर्यंत आली आणि तेव्हापासून गाव मिलानला असं घट्ट बांधलं गेलंय, आमच्या आजी म्हणायच्या की त्यांचं लग्न झालं तेव्हा मिलानला जायचं म्हणजे एक काम असायचं, आता नातू दिवसातून दोनदा जाऊन येतो.

तिकिटाचं नीट बघा. मिलान शहरात चालतं ते साधं तिकीट इथपर्यंत चालत नाही, जास्त झोनचं लागतं, आणि तपासनीस आला की परदेशी आहे म्हणून सोडत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे गेटवर आपलं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवायचं, उतरल्यावर बाहेर पडताना तेच कार्ड परत टेकवायचं, भाडं आपोआप बरोबर कापलं जातं. तेच कार्ड, हं. जाताना कार्ड आणि बाहेर पडताना मोबाइल असं केलंत की हिशोब बिघडतो. अजून एक, आदल्या दिवशी संप आहे का ते बघून ठेवा, इटालियनमध्ये शोपेरो म्हणतात, आणि शुक्रवारी तर फार वेळा असतो. मिलानमध्ये संपाच्या दिवशीही सकाळी पावणेनऊपर्यंत आणि दुपारी तीन ते सहा मेट्रो चालवायची असा नियम आहे, पण उगाच कशाला अडकायचं.

उतरलात की लोकांच्या मागे मागे चालायला लागा. स्टेशनबाहेर सायकलींचा ढीग असतो, जुन्या, गंजलेल्या, पुढे बास्केट लावलेल्या, ज्यांना मुद्दाम कुणी चोरू नये अशाच सायकली लोक स्टेशनवर ठेवतात. निम्मी गर्दी तिथेच कुलपं उघडत बसते, निम्मी पायी गावाकडे निघते. दहा-पंधरा मिनिटांत जुन्या गावात पोचता. वाटेत लोक बेकरीत शिरतात, केमिस्टच्या हिरव्या फुलीखाली थांबतात, आणि एकमेकांना बोनासेरा म्हणतात. तुम्हीही म्हणा. दुकानात पाय ठेवला की आधी बोनासेरा, मग काय हवं ते. आमच्या आजींनी मला पहिल्या आठवड्यात एवढी एकच गोष्ट शिकवली आणि खरं सांगते, त्या एका शब्दावर माझी दोन वर्षं सुखात गेली, समोरच्याचा चेहराच बदलतो.

गावाच्या मधून कालवा जातो, नवील्यो मार्तेसाना. बघण्यासारखं काय असं विचारलंत तर हाच. माझं आजोळ बारामतीकडचं आहे, पाटाच्या कडेने वाढलेय मी, त्यामुळे असेल, पण मला तो कालवा बघून घरी आल्यासारखं झालं होतं. मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्त्सा याने १४५७ साली हुकूम काढला आणि बेर्तोला दा नोवाते नावाच्या इंजिनियरने तो खणला. त्रेझ्झोजवळ अद्दा नदीतून पाणी उचलायचं आणि अडतीसेक किलोमीटर वाहवत मिलानपर्यंत न्यायचं, शेतीलाही आणि होड्यांनाही. अजून वाहतोय आणि अजून त्याच्यावर शेती भिजते. जुन्या घरांची मागची दारं पाण्याकडे उघडतात, काही ठिकाणी पाण्यापर्यंत दोन-चार पायऱ्या उतरलेल्या, छोटे पूल, पुलाच्या कठड्यावर कुंड्या. बदकं असतात, आणि मोठ्या घुशीसारखे दिसणारे, नारिंगी दातांचे प्राणी पोहत असतात, त्यांना नुत्रिया म्हणतात, घाबरू नका, ते आपल्याच नादात गवत खात असतात. कालव्याला लागून सायकलचा आणि पायी चालायचा रस्ता आहे, संध्याकाळी सगळं गाव तिथे असतं, आजोबा लोक, बाबागाड्या, पळणारे, ऑफिसचा शर्ट न बदलताच कुत्रं फिरवायला निघालेले. तुम्ही काही करू नका, एका पुलावर टेकून अर्धा तास उभे राहा.

एक मात्र आहे, वर्षातून काही आठवडे कालव्यात पाणी सोडत नाहीत, तळ आणि काठ दुरुस्त करायला कोरडा ठेवतात, आपल्याकडे दोन आवर्तनांच्या मध्ये पाट कोरडा पडतो तसंच. तेव्हा गेलात तर चिखल आणि दगड दिसतील आणि माझ्यावर रागवाल, म्हणून सांगून ठेवते.

चर्च पण बघा, सांती प्रोतासो ए जेर्वासो, एवढ्याशा गावाला केवढं मोठं चर्च असं वाटतं. १९व्या शतकाच्या सुरुवातीला सिमोने कांतोनी या आर्किटेक्टने केलंय, सेर्बेल्लोनी नावाच्या बड्या घराण्याच्या पैशातून. आतली शांतता छान आहे, दहा मिनिटं बसा. फुटबॉलचं वेड असेल तर गावाचा जाना एर्मिनियो नावाचा क्लब आहे, पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या एका तरुण सैनिकाचं नाव दिलंय, आणि एवढ्या छोट्या गावाचा असून व्यावसायिक लीगमध्ये, सेरी चीमध्ये खेळलाय. बाकी म्युझियम वगैरे शोधत बसू नका.

आता चीज, कारण तुम्ही त्याच्यासाठीच विचारलंयत. गाव त्याच नावाचं असलं तरी आज ते चीज मुख्यतः गावात बनत नाही, बहुतेक सगळं शेजारच्या पिएमोंते प्रांतात नोवारा शहराच्या बाजूला बनतं आणि ज्या संस्थेकडे त्याच्या नावाची राखण आहे तीही नोवारालाच आहे. लोक सांगतात ती गोष्ट अशी की शरद ऋतूत गुरं आल्प्सच्या कुरणांवरून खाली मैदानात यायची, वाटेत या भागात थांबायची, दमलेल्या गायींचं दूध एवढं व्हायचं की चीज करून टाकायचे. दमलेला म्हणजे तिकडच्या बोलीत स्त्राक्को, म्हणून त्या चीजला स्त्राक्कीनो म्हणायला लागले, आणि गोर्गोन्झोलाचं ते स्त्राक्कीनो दी गोर्गोन्झोला. आजी अजूनही कधीकधी नुसतं स्त्राक्कीनो म्हणायच्या आणि म्हणायच्या ते हे निळं-हिरवंच.

चीजच्या दुकानात संध्याकाळी सातच्या आत पोचा. आत शिरल्यावर आपल्या बँकेत असतं तसं टोकन ओढायचं आणि नंबर लागेपर्यंत थांबायचं. बाई विचारेल, दोल्चे ओ पिकांते? दोल्चे म्हणजे शब्दशः गोड, पण ते गोड नसतं, सौम्य असतं, आणि इतकं मऊ की ती चमच्यानेच उचलते, कापलेल्या बाजूने ते ताटात सांडायला लागलेल्या घट्ट बासुंदीसारखं हळूहळू पसरत असतं. पिकांते जास्त दिवस मुरवलेलं, कोरडं, तुटणारं, जिभेला चरचरणारं. त्याच्यात हिरव्या रेषा उभ्या सरळ दिसतील, त्या मोठ्या सुया टोचल्याच्या खुणा आहेत, टोचलेल्या भोकांतून हवा आत जाते आणि त्या वाटेने बुरशी धरते. मागताना ग्रॅममध्ये मागू नका, तिथे सगळं एत्तोमध्ये चालतं, एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. उन एत्तो म्हणालात की शंभर, मेद्झ एत्तो म्हणालात की पन्नास. मी पहिल्यांदा अडखळत अडीचशे ग्रॅम म्हणाले तर त्या बाईने मान डोलवली, कागदावर तुकडा ठेवला, वजन दाखवलं आणि हळूच म्हणाली, दूए एत्ती ए मेद्झो, आणि मी तिच्यामागून म्हणेपर्यंत थांबली. मागे चार माणसं होती रांगेत, कुणी हुं की चूं केलं नाही.

शाकाहारी असाल तर हे वाचाच. खऱ्या गोर्गोन्झोलात, म्हणजे १९९६ पासून युरोपात ज्याचं नाव कायद्याने राखीव आहे त्याच्यात, दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. चीजमध्ये कसलं मांस म्हणून आपले लोक बिनधास्त खातात आणि नंतर कळलं की वाईट वाटतं. माझ्या जैन मैत्रिणीच्या बाबतीत हे झालंय, त्यामुळे मी प्रत्येकाला आधी सांगते, मग ज्याचं त्याने ठरवावं.

तो तुकडा आणि बेकरीतला गरम पाव घेऊन कालव्यावर बसा किंवा चौकातल्या बारमध्ये जा. बार म्हणजे आपला बार नव्हे, सकाळी कॉफी, संध्याकाळी एखादं ड्रिंक, लहान मुलंसुद्धा आइस्क्रीम खात बसलेली असतात. साडेसहा-सातला अपेरितीवोची, म्हणजे जेवणाआधीच्या ड्रिंकची वेळ, एका ग्लासबरोबर वेफर्स, ऑलिव्ह असं काहीतरी येतं. दारू घेत नसाल तर नुसता ज्यूस मागा, कुणी वेगळं बघत नाही. जेवण मात्र साडेसातच्या आधी कुठे मिळणार नाही, किचनच उघडत नाही, आणि बिलात कोपेर्तो म्हणून माणशी एक-दोन युरो लागतील, ते पावाचे आणि टेबलाचे, फसवणूक नाहीये ती. थंडीत गेलात तर रिझोत्तो किंवा पोलेंता गोर्गोन्झोला घालून मागा. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलंच समजा, त्याच्यावर ते चीज वितळून जातं आणि पोटाला इतकी ऊब येते की बाहेरचं धुकं विसरायला होतं. त्या भागात नोव्हेंबर ते जानेवारी धुकं फार असतं, कधीकधी पुलावरून पाणी दिसत नाही.

ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नका. विशेषतः १५ ऑगस्टच्या आसपास, त्यांचा फेर्रागोस्तो असतो, गावच्या गाव समुद्रावर नाहीतर डोंगरात गेलेलं असतं. दारादारावर हाताने लिहिलेले कागद चिकटवलेले असतात, क्यूझो पेर फेरीए, म्हणजे सुट्टीसाठी बंद, अमुक तारखेला उघडू, आणि खाली कुणीतरी छत्री आणि सूर्य काढलेला. मी एक ऑगस्ट तिथे काढलाय, दूध आणायला सुद्धा दोन स्टेशनं जावं लागायचं. शिवाय डास. एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात चांगलं. सप्टेंबरमध्ये चीजचा उत्सव असतो, मजा असते, पण तुम्हाला गर्दी नकोय तर ते दोन दिवस टाळा.

शुक्रवारचं काय करायचं ते तुमच्यावर आहे. मिलान आधी कधीच बघितलं नसेल तर शुक्रवार सरळ दुओमोला, म्हणजे मिलानच्या मोठ्या कॅथेड्रलला द्या, त्याच्या छतावर चढा, मी कितीही गोर्गोन्झोलाचं कौतुक केलं तरी दुओमो चुकवून जाऊ नका. मिलान झालेलं असेल आणि सायकल चालवायची सवय असेल तर कालव्याच्या रस्त्याने उगमाकडे जा, इंझागो, कस्सानो द'अद्दा, मग वाप्रियो, त्रेझ्झो, वीसेक किलोमीटर असेल, सगळं सपाट. कस्सानोनंतर एका बाजूला कालवा आणि दुसऱ्या बाजूला खाली नदी असं मधून जायला मिळतं. त्रेझ्झोच्या पलीकडे, नदीच्या त्या बाजूला क्रेस्पी द'अद्दा आहे, १९व्या शतकाच्या शेवटी एका कापड गिरणीच्या मालकाने कामगारांसाठी वसवलेलं अख्खं गाव. एकासारखी एक घरं, प्रत्येकाला बाग, शाळा, चर्च, स्मशानसुद्धा. १९९५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, गिरणी २००३ ला बंद झाली. माझे आजोबा लोअर परळच्या गिरणीत होते आणि आमचं पहिलं घर म्हणजे चाळीतली दहा बाय बाराची खोली, त्यामुळे आजींची सायकल घेऊन मी तिथे गेले तेव्हा त्या बागांच्या कुंपणाशी बराच वेळ उभी होते. गिरणगावातल्या कुणाच्या घरचे असाल तर जमवाच.

परतीचं सोपं आहे. संध्याकाळी मिलानकडे जाणारी गाडी रिकामी असते, आब्बियातेग्रास्सो लिहिलेली असो की असागो, दोन्ही चालतात, दोन्ही चेन्त्रालेवरून जातात. गर्दीची वेळ संपली की गाड्या कमी होतात, त्यामुळे अगदी शेवटच्या गाडीवर विसंबू नका, साडेदहापर्यंत स्टेशनवर असा. शेवटचं म्हणजे घरी चीज न्यायचं असेल तर दुकानात सोत्तोवुओतो म्हणा, हवा काढून पॅक करून देतात, नाहीतर तुमच्या बॅगेला महिनाभर वास येईल, आणि पिकांतेच घ्या, दोल्चे एवढ्या लांबच्या प्रवासात टिकत नाही. मी नेलं तेव्हा आईने डबा उघडल्या उघडल्या खिडक्या उघडल्या. बाबांनी मात्र ज्वारीच्या गरम भाकरीवर चुरून, वर थोडा कच्चा कांदा घेऊन खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारलं, ते कालचं आहे का गं अजून.